नवसाचे डोळे

॥ श्री रेणुकादेवी प्रसन्न ॥

कमरीपेठ, हुबळी
१२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास,
शालूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझा दिवाळीचा चिवडा अजून डब्याच्या तळाशी थोडा ठेवलाय, संपवायला जीव होत नाही. इकडे सगळे बरे. ह्यांचं भांड्यांचं दुकान सणात बरं चाललं. निखिल नेहमीसारखाच उशिरा येतो. वेदश्रीची बँक कोप्पीकर रोडलाच असल्यामुळे सूनबाई वेळेवर घरी असते. सायली आता भिंत सोडून चालते आणि देवघरातली घंटी घेऊन पळते. आजोबा मागून धावतात, घंटी काही मिळत नाही.

अक्षर मोठं काढलंय. योगेश म्हणाला की आईच्या डोळ्यांवरचा पडदा वाढलाय, पोथीसुद्धा भिंगाशिवाय होत नाही. फोनच करणार होते, पण तू स्पीकर लावतेस आणि अख्ख्या गडहिंग्लजला ऐकू जातं. म्हणून पत्र.

सांगायचं एवढंच की माझ्याही डोळ्यांचं छोटंसं ऑपरेशन झालं. मोतीबिंदूचंच समज. दोन्ही डोळ्यांचं एकदमच केलं, आजकाल करतात म्हणे. काळा चष्मा लावून बसते, अधूनमधून पाणी येतं, ते येणारच असं डॉक्टर म्हणाले. स्वयंपाक वेदश्री करून जाते. तू बघायला येऊ नकोस. तुझे गुडघे आणि एस.टी.चे धक्के, नको ते. कुणाला फारसं सांगतही बसू नकोस.

देवीची कृपा असू दे.

तुझी शालू

---

॥ श्री रेणुकादेवी प्रसन्न ॥

हुबळी
२० जानेवारी २०२६

ती. अक्का,
नमस्कार. तिळगूळ मिळाला, त्यातला निम्मा सायलीने अंगाला लावून घेतला.

हे पत्र योगेशला वाचायला देऊ नकोस. उन्हात खुर्ची टाक, भिंग घे आणि सावकाश वाच. ओळींमध्ये मुद्दाम जागा सोडलीय.

संक्रांतीला योगेशचा फोन आला होता. आधी इकडचं तिकडचं बोलला, मग सहज म्हणाला, आई दोन महिने झाले पायात चप्पल घालत नाही. मला वाटलं टाचा दुखत असतील. तर म्हणाला, नाही मावशी, तुमच्या डोळ्यांसाठी यल्लम्माला नवस बोललीय. शालूला लख्ख दिसू दे, तुला चांदीचे डोळे वाहीन, तोवर अनवाणी राहीन. आणि शालूचं सुखरूप पार पडलं की मी माझेही डोळे डॉक्टरच्या हवाली करीन. पोरगा अगदी खुशीत होता. आम्ही किती पाया पडलो पण ऐकत नव्हती, म्हणाला, तुमचं बघून तयार झाली. माघी पौर्णिमेला, भारत हुन्निमेला, तुम्हाला घेऊन सौंदत्तीला जायचं म्हणते. डोळे करूनसुद्धा झाले. आजीचा कुंकवाचा करंडा सोनाराकडे दिला.

मी नुसतं हो हो म्हणत राहिले. फोन ठेवल्यावरही मी मान हलवतच होते, असं वेदश्री म्हणाली.

अक्का, आईचा करंडा तू माझ्यासाठी मोडलास.

आता कसं लिहू. दोनदा कागद बदलला. मला मोतीबिंदू नव्हता. वाचायचा चष्मा सोडला तर माझ्या नजरेला काही झालेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांखाली पिशव्या होत्या ना, त्या काढून घेतल्या. खालच्या पापणीच्या कडेला, केसांच्या लगत कापतात, आतली चरबी काढतात, सैल कातडी थोडी उतरवतात आणि टाके घालतात. दिसण्यासाठी करतात ते. मी ते दिसण्यासाठी करून घेतलं. लिहिलं एकदाचं.

मी, म्हणजे साबणाची चीप नव्या साबणाला चिकटवून वापरणारी. खर्च माझ्या भिशीतून केला, कुणाकडे मागितला नाही. पण रोजच्या वहीत तो कुठल्या खात्यात धरायचा ते कळेना. औषधपाण्यात धरावा तर आजार नव्हता, कपड्यालत्त्यात धरावा तर अंगावर घालायचं काही आणलं नव्हतं. शेवटी ती ओळ कोरी सोडली आणि तेव्हापासून माझा जमाखर्च जुळत नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, आपल्या सायलीच्या आईएवढी. तिने विचारलं, अम्मा, दिसायला त्रास आहे का? नाही म्हटलं. दुखतं का? नाही. मग आत्ताच का करून घ्यावंसं वाटलं? मी म्हटलं, लोक विचारतात रडलीस का म्हणून. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "आणि रडता का?"

मी मानेने काहीतरी केलं. हो केलं की नाही केलं, ते माझं मलाच कळलं नाही.

तुला राग येईल, पण इथवर आले तर पुढचंही सांगते. सायलीचं बारसं आठव. तू पाळण्याजवळ बसली होतीस. मी वाटी द्यायला वाकले तशी माझी हनुवटी धरलीस आणि सगळ्या बायकांना म्हणालीस, "बघा गं माझ्या शालूचे डोळे. सून आल्यापासून रडून रडून सुजलेत." तू मायेने म्हणालीस. तुझ्या मनात दुसरं काही नव्हतं, ते मला ठाऊक आहे. पण वेदश्री बाळाला घेऊन तिथेच उभी होती. तिची आई धारवाडच्या मळमड्डीहून आलेली, ती तिच्या शेजारी. वेदश्रीने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती, अक्का. मी खाली बघितलं आणि पदराने डोळे पुसले. काय पुसलं काय की, डोळ्यांत तर काही नव्हतंच.

त्यानंतर जिकडे जावं तिकडे तेच. देवळात, भिशीला, लग्नात. सूनबाईचं जड जातंय का हो? मी म्हणायचे, छे, झोप झाली नाही. बायका म्हणायच्या, सोसतेस बाई. वेदश्री एका शब्दाने बोलली नाही. पण दसऱ्याच्या सुमारास निखिल म्हणाला की तिने बदलीचा अर्ज केलाय, धारवाड शाखेला. मळमड्डीत आईच्या घराजवळ जागा बघताहेत. तुला त्रास नको म्हणून, म्हणाला. मला कसला त्रास ते त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सायली जाणार एवढंच कानात राहिलं.

मला वाटलं, पिशव्या गेल्या की बोलणं जाईल आणि बोलणं गेलं की अर्जही जाईल. वेदश्रीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अत्ती, माझ्यासाठी करणार असाल तर करू नका. मी म्हटलं, माझ्यासाठीच करतेय. ते खोटं होतं, असं तेव्हा वाटलं. आता तेवढं खोटं वाटत नाही.

कारण तुला मला दोघींना माहीत आहे की त्या पिशव्या रडण्याच्या नव्हत्या. आईला होत्या, तुला आहेत, मला लग्नाआधीपासून होत्या. तेवढं एक वाक्य त्या दिवशी पाळण्याजवळ बोलले असते तर काम झालं असतं. ते न बोलता मी कातडी कापून घेतली.

का बोलले नाही? कुणीतरी म्हटलं ते बरं वाटलं मला. वेदश्री वाईट वागत नाही. आल्या आल्या गॅसचा नंबर, दूधवाला, लाइटबिल सगळं तिने फोनवर घेतलं, म्हणाली अत्ती, तुम्ही आता आराम करा. ह्यांना तर तिचंच सगळं पटतं. आराम म्हणजे काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. दुपारी देवापुढे बसलं की कधी कधी पाणी यायचं. कशाने, ते सांगता आलं नसतं. मग ते सुनेमुळे होतं का? नाही. मग तू बारशात खोटं बोललीस का? तसंही म्हणता येत नाही. इथे आलं की माझं डोकं चालत नाही.

आता चेहरा चांगला दिसतो. काळंनिळं होतं ते गेलं, टाक्यांची खूण शोधावी लागते. हे पहिल्या दिवशी म्हणाले, बरं झालं. मग एकदा जेवता जेवता म्हणाले, तुझ्याकडे बघितलं की पाहुणी वाढायला आल्यासारखं वाटतं, दुसरी पोळी मागायला लाज वाटते. ते हसले, मीही हसले. सायलीला माझ्या मांडीवर बसून डोळ्यांखालची पिशवी बोटाने दाबायची सवय होती. अजून बोट आणते आणि तिथे काही नाही म्हटल्यावर दुसऱ्या डोळ्याखाली शोधते.

परवा हळदीकुंकवाला बायका म्हणाल्या, शालिनीबाई, सुखात दिसता. रडलीस का असं आता कुणीच विचारत नाही. मला ते बरं वाटायला हवं ना? शेजारची सविता तर म्हणाली, मोतीबिंदू काढला की माणूस एवढं तरुण दिसतं होय, मग त्या डॉक्टरचं नाव द्या, आमच्या आईचाही काढून घेते. मी नाव दिलं. तिळगुळाबरोबर नावही दिलं, विचार कर.

देवाधर्माचंही डोक्यात फिरतं. देवीने दिलेला चेहरा, त्यावर कात्री चालवली. पण मग म्हणते, मूर्ती झिजली की वज्रलेप करतातच की. त्याला कुणी पाप म्हणत नाही. लगेच वाटतं, मूर्ती स्वतः जाऊन करून घेत नाही.

आता मुद्द्याचं. गप्प बसले असते तर तू सौंदत्तीला आली असतीस, माझ्या नसलेल्या मोतीबिंदूचा नवस फेडला असतास आणि माझ्या भरवशावर ऑपरेशनला गेली असतीस. ते मला सहन होईना. आणि हे वाचून तू म्हणशील, शालूचंच खोटं तर मी कशाला डॉक्टरकडे जाऊ, आणि तुझी नजर जाईल. तेही माझ्याच माथी. दोन्हीकडून मीच. देवीला खोट्या कारणाचा नवस पोचतो का? करंडा तर वितळला. तू अनवाणी चाललीस ते कुणाच्या नावावर जमा झालं?

तू मोठी आहेस, तू सांग. शिव्या दिल्यास तरी चालतील, पण स्पीकर लावून दे नाहीतर पत्राने दे, गप्प राहू नकोस.

तुझ्या शब्दाची वाट बघत,
शालू

---

॥ श्री रेणुकादेवी प्रसन्न ॥

हुबळी
३ फेब्रुवारी २०२६

ती. अक्का,
नमस्कार.

तू गप्पच राहिलीस. हुन्निमेच्या आदल्या दिवशी योगेश एकटा आला. पिशवीतून लाल फडक्यात गुंडाळलेले डोळे काढून माझ्या हातावर ठेवले आणि तुझा निरोप सांगितला. नवस मी बोलले, तो मला मागे घेता येत नाही, पण शालूचे डोळे म्हणून वाहायला मी येणार नाही, काय करायचं ते तिचं तिने ठरवावं. मी विचारलं, रागावलीय का रे? तो म्हणाला, माहीत नाही मावशी, दोन दिवस जेवताना बोलली नाही आणि अजून अनवाणीच आहे.

मी म्हटलं आपण दोघेच जाऊ. वेदश्रीने ऐकलं आणि रविवारची कामं बाजूला ठेवली. निखिलला म्हणाली, सायलीला तू सांभाळ, मी अत्तीबरोबर जाते. का येते ते मी विचारलं नाही.

डोंगरावर गर्दी तुला सांगायला नको. सगळीकडे भंडारा, उदो उदो, पाय ठेवायला जागा नाही. रांगेत मुठीत डोळे धरून उभी होते आणि काय बोलायचं ते जुळवत होते. देवी, हे डोळे माझे पण माझ्यासाठी नाहीत. देवी, ज्या कारणाने बोलले गेले ते कारण नव्हतं. एकही वाक्य शेवटाला जाईना. पुढे सरकत सरकत गाभाऱ्याशी आले, पुजाऱ्याने हात पुढे केला आणि नेहमीच्या घाईत विचारलं, "यार कण्ण री?"

कुणाचे डोळे.

"नम्म अक्कन्वु री," मी म्हटलं. आमच्या अक्काचे.

त्याने ते देवीच्या पायाशी ठेवले, माझ्या कपाळाला भंडारा फासला आणि पुढच्या बाईकडे वळला. एवढ्यात झालं सगळं.

आता ऐक. माझ्या हिशेबाने नवस फिटला. आजारी डोळे तुझे, करंडा तू दिलास, अनवाणी तू चाललीस, नाव तुझं घेतलं. फक्त काम व्हायच्या आधीच मोल चुकतं केलंय. देवीकडे आपलं आगाऊ जमा आहे आणि ऑपरेशन तुझ्याकडे बाकी आहे. देवीचं असं लटकत ठेवू नये. हा हिशेब बरोबर आहे का, मला खात्री नाही, पण दुसरा मला मांडता येत नाही. तू आजच चप्पल घाल.

खाली झाडाखाली भाकरी सोडून बसलो. योगेश पाणी आणायला गेला होता. मी वेदश्रीला म्हटलं, बारशाला मी बोलायला हवं होतं. ती भाकरी मोडत होती, वर बघितलं नाही.

"मला सांगून काय उपयोग, अत्ती? मला माहीतच होतं. ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा."

मग चटणी पुढे सरकवून म्हणाली, घ्या, तिखट कमी आहे.

तेव्हापासून सांगत सुटलेय. सविताला सांगितलं की मला मोतीबिंदू नव्हता, पिशव्या काढल्या. ती तोवर आईला तिथे नेऊन आली होती, डॉक्टरीणबाईने तिला मोतीबिंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं म्हणे. मला वाटलं भांडेल. तर आरशात बघून म्हणाली, मग माझ्याही निघतील का हो? वेदश्रीच्या आईला फोन केला. ती सगळं ऐकून म्हणाली, चहाला या एकदा. ते खरं बोलावणं की तोंडदेखलं, मला ओळखता आलं नाही.

वेदश्रीने अर्ज मागे घेतला का, ठाऊक नाही. काल निखिल मळमड्डीतल्या कुठल्याशा घराचं भाडं फोनवर बोलत होता. सांगून उशीर झाला असेल तर झाला. सायली गेली तरी आता सांगणं थांबवणार नाही.

म्हणून हे पत्र भिंगाने वाचू नकोस. योगेशला अंगणात मोठ्याने वाचायला लाव, बारशाला आलेल्या आपल्याकडच्या बायका येतात तेव्हा. त्याला सांग, इथून पुढे सावकाश वाचायचं:

माझ्या सुनेने, वेदश्रीने, मला कधीही रडवलं नाही. माझे डोळे आईवर गेले होते. अक्काने मायेने म्हटलं आणि मी गप्प बसले. अक्काची त्यात चूक नाही.

लिहिलंय तेवढंच वाच, योगेश. पुढचं तुझ्या आईपुरतं आहे, कागद तिच्या हातात दे.

अक्का, ऑपरेशनला मी येते. तारीख ठरव, तुझ्या उशाशी मीच बसेन. माझ्या वेळी टाके काढताना मी वेदश्रीचा हात इतका घट्ट धरला होता की तिच्या बांगडीचा वळ उठला. तू माझा धर. पट्टी सोडली की समोर जी बाई दिसेल ती मी आहे. तुला परकी वाटली तर तसं म्हण, मी वाईट वाटून घेणार नाही, वाटून घेतलं तरी दाखवणार नाही.

आणि एक. डॉक्टर हल्ली काहीही सुचवतात. त्यांना सांग, फक्त आतला पडदा काढा, खालच्या पिशव्यांना हात लावू नका. माझ्याकडच्या तर मी घालवल्या. आईला बघावंसं वाटलं तर मी आता तुझ्याकडेच बघणार.

तुझ्या पाठची,
शालू